रस्त्याकडची बाजू

रेश्मा मुजावर माझ्या केबिनमध्ये आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी, संध्याकाळच्या शिफ्टला यायची. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, जरा बसू का?"

मी तिला पाणी दिलं. ते तिनं एका दमात संपवलं आणि ग्लास हातातच धरून बसली.

"बसस्टॉपवरून चालत येत होते. मागून मोटरसायकल आली. दोघं होते. आधी पुढे निघून गेले, मग वळून परत आले. अगदी अंगाला घासून. एकानं ओढणी धरली."

"मग?"

"मी ओढणी तशीच सोडून दिली. पळत सुटले."

"अगं, कुणाला तरी हाक मारायचीस."

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "कुणाला, मॅडम? इकडून आपली भिंत, तिकडून नाला. माणूस कुठाय तिथे?"

ती 'आपली भिंत' म्हणाली. कंपनीच्या पुण्यातल्या सगळ्या जागा माझ्याकडे होत्या. खरेदी, भाडेकरार, बांधकाम, लिफ्ट, पाणी, पार्किंग, सगळं. म्हणजे त्या अर्थानं ती भिंत माझीच होती. ती मी बांधलेली नव्हती, माझ्या आधीची होती, पण दर दोन वर्षांनी तिला रंग मीच लावून घेत होते.

मी पोलीस चौकीला फोन लावला, रेश्माला घेऊन तक्रार दिली आणि तिला गाडीनं घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखानीस सरांनी बैठक बोलावली. सर आमच्या केंद्राचे प्रमुख. माणूस सज्जन, कामाला पक्का, पण गाडीतून उतरायचा तो थेट पोर्चमध्ये. सुरक्षा एजन्सीचा माणूस तयारीनं आला होता. भिंत आणखी उंच करायची, वर काटेरी तार, जागोजागी कॅमेरे, गेटवर चार माणसं जास्त.

"वृंदा, तुमचं काय मत?" सरांनी विचारलं.

"भिंत उंच केली तर आतली माणसं सुरक्षित होतील, सर. आतली माणसं आजही सुरक्षितच आहेत. रेश्मा बाहेर होती."

"बाहेरचा रस्ता महापालिकेचा आहे. आपली जबाबदारी गेटपासून आत."

"भिंतीची बाहेरची बाजूही आपलीच आहे, सर."

सुरक्षा एजन्सीचा माणूस हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "दुसरं काही सुचत असेल तर आठवड्यात सांगा. नाहीतर हे काम सुरू करू."

त्या संध्याकाळी मी गाडी ऑफिसात ठेवली, रिक्षानं मोठ्या रस्त्यावरच्या बसस्टॉपला गेले आणि तिथून परत चालत निघाले. याआधी मी बरीच वर्षं भिवंडीत गोदामं बांधली होती. गोदाम बांधताना बाहेरून कोण चालत जातं याचा विचार करावा लागत नाही. आमचं हे ऑफिस बाहेरून तसंच दिसत होतं, हे मला त्या दिवशी चालताना पहिल्यांदा कळलं. भिंत संपतच नव्हती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'चला, एकत्र वाढू या' असं कंपनीचं वाक्य रंगवलेलं होतं, आणि ती अक्षरं एवढी मोठी होती की चालणाऱ्या माणसाला ती वाचताच येत नव्हती. ती गाडीतून जाणाऱ्यांसाठी होती.

समोरून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन भराभरा येत होती. मला थांबलेली बघून म्हणाली, "हितं उभ्या ऱ्हाऊ नका, बाई. चला पुढं."

आम्ही दोघी सोबत चालू लागलो. बोरमाळ हे गाव आमच्या ऑफिसच्या मागेच, काही वर्षांपूर्वी शहरात घेतलेलं. तिकडेच ती निघाली होती.

"हा रस्ता पहिल्यापासून असाच?" मी विचारलं.

"छ्या. हितं तर बाजार भरायचा की मंगळवारचा. आन् एरवीबी चारदोन दुकानं असायचीच, वडापावची गाडी, चप्पलवाला. तुमचं भिताड झालं आन् बाजार गेला नाल्यापल्याड, मसणवट्याजवळ. तिथं कोन जातंय? मोडल्यातच जमा."

"हे सगळं आधी कोण बघायचं? बाजाराचं?"

"आक्का. झांबऱ्यांची आक्का."

कौसल्याबाई झांबरे गावच्या माजी सरपंच. बाजारात त्यांचं मिरची-मसाल्याचं दुकान असायचं. मी गेले तेव्हा त्या ओसरीवर दोन बायकांबरोबर मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. ठसक्यानं मला पहिली पाच मिनिटं बोलताच येईना. आक्कांनी गूळ-पाणी पुढे केलं आणि माझा खोकला थांबेपर्यंत शांतपणे वाट बघितली.

मी सांगितलं. रेश्माचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं. मग म्हणाले, "आक्का, भिंत मागे घ्यावी असं माझ्या मनात आहे. पुढची पट्टी मोकळी करायची, दिवे लावायचे, आणि बाजार परत तिथे आणायचा. माणसं असली की रस्ता जागता राहील."

मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांनी मूठभर मिरच्या सुपात टाकल्या.

"म्हंजी तुमच्या पोरी भ्यायल्या, तवा आमची आठवण झाली."

त्यांनी पुढची मिरची उचलली.

"आमच्या पोरी काय हेलिकाप्टरनं येत्यात? त्याच रस्त्यानं येत्यात की. माझ्या पुतणीनं नर्सिंगचा कोर्स सोडला ह्या रस्त्यापायी. संध्याकाळची यायची, रोज कोन आनायला जानार? तवा तुमच्यातलं कोन आलं न्हाई आमच्या दारात."

"खरं आहे."

"आन् आता आमाला फुकटचं वाचमन करता व्हय? आमी तिथं बसायचं, तुमच्या पोरी सांभाळायच्या, आन् उद्या तुमाला जागा लागली की आमी उठायचं."

"तसं होणार नाही."

"भिंत बांधली तवाचा सायबबी असंच बोललावता. चांगला होता बिचारा. ह्याच ओसरीवर च्या पिऊन गेला. म्हनला, बाजाराला धक्का लागनार न्हाई. मग त्याची बदली झाली. त्याच्यामागनं जो आला त्यो म्हनला, मला काय म्हाईत न्हाई." आक्कांनी सूप बाजूला सारलं. "न्हाई जमायचं, बाई. तुमी चांगल्या दिसता, पन न्हाई."

मी परत आले. रागही आला होता, आणि त्यांचं पटलंही होतं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये रेश्मा भेटली. तिला सगळं सांगितलं, तसं ती म्हणाली, "मला न्या ना त्यांच्याकडे."

"कशाला? तुला परत सगळं सांगत बसावं लागेल."

"सांगेन की. माझ्यासाठीच चाललंय तर मी नको का?"

त्या संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. या वेळी आक्का अंगणात खाटेवर बसल्या होत्या. रेश्मानं वाकून नमस्कार केला आणि सरळ जोत्यावर बसली. आक्कांनी तिला गाव विचारलं. तासगाव म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांची थोरली बहीण तिकडे दिली होती.

"आक्का," रेश्मा म्हणाली, "मी तुमच्यावर उपकार करायला नाही आले. मला भीती वाटते, म्हणून आले. मी ही नोकरी सोडली तर घरचे परत पाठवणार नाहीत. मला सोडायची नाही."

घरातून त्यांची पुतणी चहा घेऊन आली. रेश्माएवढीच होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि पुतणी चहा ठेवून आत न जाता दाराला टेकून उभी राहिली.

"बरं," आक्का म्हणाल्या. "बोलू. पन बाजाराचं बोलनं बाजारासारखंच व्हईल."

आणि तसंच झालं. मला मंगळवारचा बाजार पुरणार नव्हता. रोज रात्री नऊपर्यंत निदान काही दुकानं उघडी हवी होती. आक्कांना नळ हवा होता, दिवे हवे होते आणि बायकांसाठी संडास हवा होता. "आन् त्याला कुलूप न्हाई लावायचं. किल्ली वाचमनकडं, वाचमन च्या प्यायला, असलं चालनार न्हाई." मी म्हटलं, चालायची वाट मोकळी राहिली पाहिजे, तिच्यावर कुणी पाल टाकायचं नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या सायबांच्या गाड्यापन मग तिथं उभ्या ऱ्हायच्या न्हाईत. कचरा दोघांनी मिळून उचलायचा ठरलं. चहा दोनदा झाला. रेश्मा आणि पुतणी केव्हाच आत जाऊन गप्पा मारत बसल्या होत्या.

"आता शेवटचं," आक्का म्हणाल्या. "कागद पायजे. नुसता कागद न्हाई, रजिस्टर. बाजारवाल्यांची संस्था करतो आमी, तिच्या नावानं तीस वर्षांचा करार. आन् सातबाऱ्यावर नोंद. जमीन कुनालाबी इका, नोंद संगं जाईल."

इथे मी अडखळले. जागेच्या व्यवहारात एवढी वर्षं काढल्यावर मला त्याचा अर्थ नीट ठाऊक होता. मोक्याची पुढची पट्टी तीस वर्षं अडकवायची. कुठलीही कंपनी असं करत नाही. अशी पट्टी मोकळी ठेवायची, वर्षावर्षाची परवानगी द्यायची, आणि वेळ आली की काढून घ्यायची, हेच माझ्या धंद्यातलं शहाणपण.

"हे माझ्या हातात नाही, आक्का. सरांशी बोलावं लागेल."

"मग सायबाला आना."

सरांना मी भिंतीचं, बाजाराचं, आक्कांच्या अटींचं सांगितलं आणि शेवटी एवढंच म्हटलं, "उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर बसस्टॉपपासून गेटपर्यंत चाला. मग काय ते ठरवा." त्यांनी कुरकुर केली, पण आले. सुरुवातीला फोनवर बोलत होते. मग फोन खिशात ठेवला. अर्ध्या वाटेवर मागून एका मोटरसायकलचा आवाज आला आणि सर थांबून मागे वळले. किटल्या लावलेला कुणी दूधवाला होता, पुढे निघून गेला. सर पुन्हा चालू लागले, पण आता ते रस्त्याच्या मधून, माझ्या बाहेरच्या बाजूनं चालत होते.

गेटपाशी पोचल्यावर म्हणाले, "ठीक आहे. भिंत मागे घेऊ. कुठवर, ते दाखवा."

दोन दिवसांनी भिंतीजवळच भेट ठरली. आक्का आल्या, त्यांच्याबरोबर बाजारातली सात-आठ माणसं. सरांनी छान बोलायला सुरुवात केली. कंपनी आणि गाव, शेजारधर्म, सगळं. आक्कांनी ऐकून घेतलं.

"सायेब, तीस वर्षांचं काय?"

"आक्का, त्याची गरज नाही. दर वर्षी परवानगी वाढवून देऊ. मी आहे ना इथे. माझा शब्द आहे."

"तुमचा शब्द खोटा न्हाई म्हनत मी. पन तुमीबी बदलून जानार."

"मी शब्द देतोय म्हणजे कंपनी देते."

"मग कंपनीनं लिहून द्यायला काय हरकत हाय?"

सर हसून माझ्याकडे वळले. "वृंदा, तुम्ही जरा समजावून सांगा यांना. अशा करारात किती अडचणी असतात ते."

सगळे माझ्याकडे बघत होते. आक्कासुद्धा. मला आजही आठवतं, मला भीती वाटली नाही. उलट एखादा जुना हिशेब एकदम जुळावा तसं वाटलं. ज्यांना खात्री नाही ती माणसं दुकान थाटत नाहीत. वर्षाच्या परवानगीवर मी स्वतः कधी साधं गोदाम बांधलं नव्हतं. मग हातगाडीवाल्यानं तिथे ओटा का बांधावा?

"सर," मी म्हटलं, "आक्का बरोबर बोलतायत. तीस वर्षांचाच करार हवा."

सरांनी घड्याळ बघितलं, "कळवतो," म्हणाले आणि गेटकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.

"बाहेरच्या लोकांसमोर तुम्ही माझ्याविरुद्ध त्यांची बाजू घेतलीत."

"मी इमारतीची बाजू घेतली, सर."

"म्हणजे?"

"आपली इमारत छान आहे. पण मुली इथे नोकरी सोडतायत, मुलाखतीला आलेल्या परत येत नाहीत, आणि आपण समजतोय की पगार कमी पडतोय. इमारत रस्त्यापासून तोडून उभी केली तर ती आतून कितीही चकचकीत असो, तिची किंमत उतरतेच. ही पट्टी आपण दिली तर उरलेल्या जागेला अर्थ येईल."

लिफ्टचं दार उघडलं. सर बाहेर पडले नाहीत. दार पुन्हा मिटलं.

"हे मुंबईला मी नाही सांगणार," ते म्हणाले. "मला एवढ्या जोरात सांगता येणार नाही. तुम्ही जा."

मी गेले. मुंबईच्या मुख्य कार्यालयात तीन साहेब होते. त्यांनी नकाशे बघितले, रस्त्याचे फोटो बघितले. रेश्माचं नाव न घेता मी तो प्रसंग सांगितला. त्यातले एक ज्येष्ठ साहेब मनापासून हेलावले. म्हणाले, "सुंदर कल्पना आहे. ही आपण सामाजिक कामाच्या निधीतून करू. वार्षिक अहवालात चांगली दिसेल."

"नको, सर."

"का?"

"त्या खात्यात टाकलं तर ते दान होईल. एखादं वर्ष वाईट गेलं की पहिली कात्री दानाला लागते. हे इमारतीच्या खर्चात घाला. लिफ्ट असते, जनरेटर असतो, तसा हा बाजार. आपल्याला लागतो म्हणून ठेवायचा."

त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. बराच वेळ बसले. मग बोलावून विचारलं, उद्या ही इमारत विकायची झाली तर हा करार आड येणार नाही का? मी म्हटलं, "येईल. तो त्यासाठीच आहे." एकमेकांकडे बघून ते तिघं हसले, आणि मला वाटलं, गेलं सगळं. पण ज्येष्ठ साहेबांनी फाइल पुढे ओढली.

भिंत पाडायला जेमतेम आठवडा लागला. संडास आणि नळ आधी झाले, कारण आक्का रोज येऊन गवंड्याच्या डोक्यावर उभ्या असायच्या. ओटे मागाहून. पहिल्या मंगळवारी मी मुद्दाम उशिरा खाली उतरले. दिवे लागले होते. भाजीवाल्या, बांगड्यांची हातगाडी, जिलबीची कढई, प्लास्टिकच्या बादल्यांचा डोंगर. आमच्याच ऑफिसातली मुलं गळ्यात ओळखपत्र अडकवून मेथीच्या जुड्या निवडत होती, आणि त्यांना त्या निवडता येत नव्हत्या म्हणून बायका त्यांना हसत होत्या. रेश्मा बसस्टॉपकडून आली. रमतगमत आली. वाटेत थांबून तिनं चपला बघितल्या, भाव केला, न घेताच पुढे निघाली. तिच्या चालण्यात काही विशेष नव्हतं, आणि तेच बघायला मी तिथे उभी होते.

आक्कांच्या दुकानासमोर गेले तर म्हणाल्या, "या. खोकू नका फक्त."

मी कांडप मसाला घेतला. त्यांनी एक पैसाही कमी केला नाही.

कारखानीस सर पुढच्याच वर्षी सिंगापूरला गेले. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी पहिल्याच महिन्यात मला विचारलं, बाहेर हे काय आहे. मी करार दाखवला, त्यांनी परत दिला. पुढे काही वर्षांनी कंपनीनंच पुण्यातलं काम गुंडाळलं. माणसं इकडेतिकडे गेली. रेश्मा तोवर एका मोठ्या टीमची प्रमुख झाली होती, ती बंगळुरूला गेली. मी नोकरी सोडून स्वतःचं सल्लागाराचं काम सुरू केलं. एवढी मोठी इमारत दीड वर्ष रिकामी पडली. त्या काळात मी अधूनमधून संध्याकाळी तिकडून जात असे. वरच्या सगळ्या काचा काळ्या आणि खाली दिवे, गर्दी, कुकरच्या शिट्ट्या विकणारा माणूस. नर्सिंगचा कोर्स पुरा करून आक्कांची पुतणी तिथूनच दवाखान्याची बस पकडायची. तेव्हा मला कळलं की आक्का त्या दिवशी आमच्यावर अविश्वास दाखवत नव्हत्या. त्यांना एवढंच ठाऊक होतं की आम्ही जाणार. तसे आम्ही गेलो, आणि रस्ता होता तिथेच राहिला.

मागच्या वर्षी एका अनोळखी तरुणाचा फोन आला. त्याच्या कंपनीनं ती इमारत विकत घेतली होती.

"मॅडम, कागदांवर तुमची सही दिसली म्हणून फोन केला. आमच्या भाडेकरूंना समोर लॉन आणि कारंजं हवंय. वकील म्हणतात, ती पुढची पट्टी काही केल्या सुटत नाही. असा करार तुमच्याकडून कुणी करून घेतला?"

"कुणी करून घेतला नाही. मी केला."

"पण निदान बाहेर पडायची एखादी वाट तरी ठेवायची."

"मुद्दामच ठेवली नाही."

मग तो चाचरत म्हणाला, "मग आता मी भाडेकरूंना काय सांगू?"

"सांगा, दारात बाजार आहे, रस्ता रात्री नऊपर्यंत जागा असतो, बायका एकट्या चालत येतात. आणि भाडं थोडं जास्त मागा."

त्यानं मागितलं. मिळालंही, असं नंतर कळलं.